शिक्षेचं पुस्तक

आक्काची नजर साखरेच्या दुखण्याने वर्षभरात खाल्ली. माझी ही थोरली बहीण काचीगुड्याच्या मराठी शाळेत जन्मभर शिकवत होती. लग्न केलं नव्हतं. डॉक्टरांनी "आता सवय करून घ्या" म्हणून हात झटकले, तेव्हा मी तिला मलकपेठला आमच्याकडे आणलं. तिने सवय करून घेतली ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जेवायला उठवलं की म्हणायची, "कशासाठी?" ताट तसंच परत जाई.

वाचून दाखवावं, असं मी ठरवलं. पुस्तकं निवडण्यातला मी स्वतःला जाणकार समजे, कारण इथल्या मराठी वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीवर मी बरीच वर्षं होतो. आमच्या तक्त्यात दोनच रकाने असत, रंजक आणि उद्बोधक. दोन्हींत खूण मिळालेली पुस्तकं काचेच्या कपाटात जात. त्याची किल्ली अध्यक्षांकडे असे, आणि ती कुणी मागितल्याचं मला आठवत नाही.

भेटायला येणारे आत्म्याच्या प्रवासावरची पुस्तकं आणत. अध्यक्ष शाल घेऊन आले, ती आक्काला पांघरवताना फोटो काढून घेतला आणि गेले. आक्काने मला विचारलं, "फोटोत मी बरोबर बाजूला बघत होते ना?"

मी काचेच्या कपाटातून तीन पुस्तकं आणली. एक प्रवासाचं, एक कीटकांचं, एक विनोदी. विनोदी पुस्तकाच्या विसाव्या पानावर तिने मला थांबवलं.

"हे पुस्तक वाटत नाही रे, शिफारस वाटते. राहू दे. पुस्तकं पुरे झाली आता."

तिच्या तोंडून हे ऐकलं आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

माझी मुलगी घरूनच कंपनीचं काम करते. मराठी बोलते, पण देवनागरी लिपी शाळेत हिंदीपुरती शिकलेली. मराठी वाचते ती दगडांवरून अनवाणी चालल्यासारखी. आमचं बोलणं तिने ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः वाचनालयात गेली आणि उघड्या फळीवरचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आली.

"आत्या, हे खास तुमच्यासाठी. शिक्षेवरचं आहे. तुम्ही जिंदगीभर तेच केलं ना?"

आक्का भिंतीकडून वळली. "शिक्षेवरचं?"

"हौ. शिक्षेचा इतिहास. कव्हरवरच लिहिलंय."

मी पुस्तक उघडलं. बेड्या, फटके, तेलाचा घाणा, जुन्या तुरुंगांचे नकाशे. मुलीला सांगितलं, बाई, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीतली शिक्षा वेगळी. ती ओशाळून पुस्तक मिटणार, तोच आक्का हसली. कित्येक महिन्यांनी.

"माझ्या वर्गातल्या पोरांना विचार. त्यांना दोन्ही एकच होतं. वाच तू."

तेव्हापासून रोज दुपारी मुलीच्या जेवणाच्या सुटीत वाचन सुरू झालं. आक्का उठून बसू लागली. फटक्यांचे प्रकार ऐकता ऐकता भाजी मागून घेऊ लागली. "ळ आहे तो, ल नव्हे," असं मधूनच खेकसू लागली. आमच्या तक्त्यात हे पुस्तक कुठल्याच रकान्यात बसलं नसतं.

मग अंधारकोठडीचं प्रकरण आलं. मी मुलीला खुणेने सांगितलं, गाळ. तिने चारपाच पानं एकदम उलटली.

"पानं का पळवलीस?" आक्का म्हणाली. "डोळे गेलेत, कान नाही."

मुलीने पानं मागे उलटून वाचलं. एक कैदी वर्षानुवर्षं काळोखात होता. भिंतीचा एकेक दगड हाताने चाचपून त्याने त्यांना आपल्या गावातल्या घरांची नावं दिली होती. आक्काने घास हातातच धरला होता.

"सुटला का शेवटी?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी ओठांनी सांगितलं, सुटला म्हण. पण पुस्तकी मराठीत थाप मारण्याइतकं मराठी तिला येत नाही. समोर होतं तेच तिने अडखळत वाचलं. "तो... तेथेच... मरण पावला."

आक्काचा दुसरा हात पलंगाशेजारच्या भिंतीवर गेला. थोडा वेळ तिथेच राहिला. मग तिने घास खाल्ला.

"पुढचा कोण?"

"पुढच्याला जन्मठेप आहे, आत्या."

"मग सावकाश वाच," ती म्हणाली आणि ताट चाचपून जवळ ओढलं.