पाळकसाहेब पहिल्या रांगेत बसले

आयोवातल्या त्या गावात अर्डिस टॉर्गरसनबाईंना शोधायचं तर दोनच ठिकाणं: रविवारी चर्च आणि शनिवारी संध्याकाळी गावाबाहेरचा मोटारींच्या शर्यतींचा मातीचा ट्रॅक. वय एकाहत्तर. तिथली चर्चची सँडविचची टपरी त्या एकतीस वर्षं चालवत होत्या. शर्यतीआधी डोळे मिटून सगळ्या चालकांसाठी प्रार्थना करत. सतरा नंबरच्या गाडीत भाचा असे, त्याच्यासाठी अंमळ जास्त. "देव काही मापं घेत बसत नाही," असं त्यांचं म्हणणं.

यंदा चर्चला नवे पाळक आले, लॅमर्स. तरुण, शहरातले, पांढऱ्याशुभ्र शर्टातले.

"शनिवारी गाड्यांमागे जागायचं आणि रविवारी माझ्या प्रवचनात घोरायचं! अशा जागी चर्चची टपरी हवीच कशाला?" ते म्हणाले. पण माणूस न्यायी. एकदा स्वतः बघेन आणि मगच बंद करेन, असंही म्हणाले.

ठरल्या शनिवारी पाळकसाहेब आले. वरच्या रांगा लोकांनी दुपारीच ब्लँकेटं टाकून अडवलेल्या. कुंपणालगतची खालची रांग मात्र अख्खी रिकामी.

"बघा! चर्चमध्ये पुढे बसायला कोणी नको, इथंही तेच! मीच बसतो. कोणीतरी धडा घालून द्यायला हवा."

अर्डिसबाईंनी तोंड उघडलं. समोरच वळण, त्यावर नुकतंच पाणी मारलेली काळी माती. तिथं बसू नये हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. टपरीतल्या मैत्रिणीनं, डेल्मानं, कोपरानं ढोसलं. "अगं, सांग की!"

"देवाच्या माणसाला पुढे बसू नको म्हणू? मी कोण सांगणारी?" बाईंनी तोंड मिटलं.

वर चर्चची निम्मी मंडळी बसली होती. सगळ्यांना एकदमच आभाळ बघायचं सुचलं.

हिरवा झेंडा हलला. गाड्या वळणावर आडव्या घसरत गेल्या आणि चिखल उडाला. पहिल्या फेरीत शर्ट गेला, दुसरीत चष्मा. पाळकसाहेब काही उठेनात. मागे खसखस पिकली, पण बाईंचं हसू विरलं. एका खोडीपायी एकतीस वर्षं चुलीत घातलीस, बये!

शर्यत संपली तसे ते टपरीपाशी आले. फक्त डोळे दिसत होते.

"मला ठाऊक होतं," बाईंनीच सांगून टाकलं. "मुद्दाम गप्प बसले. टपरी बंद करायची तर माझ्या पापापायी करा, शर्यतीला बोल लावू नका."

"ते राहू द्या!" पाळकसाहेब चष्मा पुसत कडाडले. "तो नऊ नंबरवाला! त्यानं सतराला ढकललं की नाही? आणि कोणी काही बोलत नाही?"

"अहो, तो मेला दर शनिवारी हेच करतो!"

"दर शनिवारी? मग पुढच्या खेपेला मी बघतो त्याच्याकडे!"

एव्हाना चिखलातला पाळक बघायला सगळा स्टँड खाली उतरला होता, आणि उतरलाच आहे तर सँडविचही हवं होतं. डेल्माचे हात पुरेनात. पाळकसाहेब बाह्या सारून सरळ आत शिरले.

"आधी हात धुवा!" अर्डिसबाई ओरडल्या. "आणि लोणच्याच्या चकत्या दोनच घाला, दोनच. अजून अख्खा हंगाम काढायचाय!"