आजच्या पायाची सायकल

सांगलीत सायकली विकणारी दुकानं पुष्कळ होती. सायकल न विकणारं दुकान एकच होतं, ते हवालदारांचं. कुपवाडला जाणाऱ्या रस्त्यावर, दोन शटरचं. एखादा बाप पोराचं बोट धरून आत शिरायचा, चकचकीत सायकलीच्या सीटवर हात ठेवायचा आणि हवालदार स्टुलावरूनच म्हणायचे, "ती न्हाई मिळायची."

"का? विकली गेलीय का?"

"न्हाई. पोरगं ल्हान हाय."

"आवं, वाढत्या अंगाची घेतोय."

एवढं ऐकलं की हवालदार ताडकन उभे राहायचे. लष्करात गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. गाव शिराळ्याजवळचं, बोली तिकडची आणि मधूनमधून लष्करातलं हिंदी. आवाज असा, की पंक्चर काढायला थांबलेली कारखान्यातली माणसंसुद्धा सरळ होऊन बसायची.

'वाढत्या अंगाचं' हा शब्द तुम्हाला समजावून सांगायला नको. आपण सगळे त्याच शब्दात वाढलो. शाळेचा शर्ट वाढत्या अंगाचा, म्हणजे पहिल्या वर्षी बाह्या दुमडायच्या आणि तिसऱ्या वर्षी त्या कोपरापाशी यायच्या. बूट वाढत्या पायाचे, म्हणजे पुढे कापसाचा बोळा. नेमक्या मापाची वस्तू अंगावर येण्याचा काळ फार थोडा असायचा आणि तोवर ती वस्तू विटलेली असायची. आमच्या घरी तर दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हा धर्मच होता. गंमत म्हणजे दादा कुपवाडच्या एका कारखान्यात टर्नर होते. लेथवर केसाएवढा फरक पडला तरी माल बाजूला काढणारा हा माणूस लेकीला मात्र दोन वर्षांनंतरच्या मापाचा फ्रॉक आणायचा.

चौथी झाली आणि मला सांगली गावातल्या मोठ्या शाळेत पाचवीला जायचं होतं. शाळा घरापासून चार किलोमीटर. शाळेच्या वेळेला बस नव्हती आणि दादांची पाळी बदलती. "सायकल चालवायला आली तर त्या शाळेत, न्हाईतर हितल्याच शाळेत," असं दादांनी जाहीर केलं. जूनपर्यंत दोन महिने होते. सायकल घ्यायला आम्ही हवालदारांकडे गेलो आणि दादांनी थेट सव्वीस इंचीवर हात ठेवला. मी वर्गात सगळ्यांत बुटकी. त्या सायकलीचं सीट माझ्या छातीला लागत होतं.

"कितवीला हाय, ते न्हाई इचारत म्या," हवालदार म्हणाले. "टांग किती हाय, ते बघायचं."

टांग मोजायची त्यांची रीत न्यारी होती. मुलाला भिंतीला पाठ लावून उभं करायचं, "सावधान!" म्हणून ओरडायचं आणि लाकडी चौकटीची जुनी पाटी दोन पायांच्या मधून वर सरकवायची. पाटीची वरची कड जिथे थांबेल तिथे भिंतीवर पेन्सिलीची रेघ आणि शेजारी नाव. मुलींचं माप घ्यायला आतल्या घरातून हवालदारांच्या पत्नी, आमच्या काकू, यायच्या, हवालदार तेवढ्यापुरते रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे. दिवाळीला सगळ्या दुकानाला रंग लागायचा, ही भिंत सोडून. तिच्यावर शेकडो पोरांच्या टांगा नावानिशी उभ्या होत्या.

काकूंनी माझी रेघ मारली. हवालदारांनी ती पाहिली आणि वीस इंची सायकल पुढे काढली. दादा अडून बसले. "दरसाल कुठं सायकल घ्यायची? बारावीपतुर चालंल अशी द्या."

"तुमी काय काम करता?"

"टर्नर हाय."

"मग शाफ्ट पुढंमागं वाढंल म्हणून भोक मोठं पाडता का?"

पंक्चरसाठी थांबलेले खो खो हसले. दादांचे कान लाल झाले. ते मला घेऊन बाहेर पडले आणि पुढच्याच चौकातल्या दुकानातून सव्वीस इंची घेऊन आले. तिथल्या माणसाने आम्हाला दुसरा प्रश्नही विचारला नाही.

त्या सायकलीवर मी एकदाही बसले नाही, कारण बसताच येत नव्हतं. दांड्याखालून पाय घालून, एका बाजूला लोंबकळत मी हाफ पायडल मारायचे. सुरू व्हायचं कसं ते आठवड्यात जमलं. थांबायचं कसं ते काही केल्या जमेना. आमच्या गल्लीच्या टोकाला विजेचा खांब होता, त्याला मिठी मारणं हा माझा ब्रेक. एका दुपारी खांबापर्यंत पोचायच्या आधीच समोरून म्हैस आली आणि मी डावीकडे वळून जोशीकाकूंच्या बाजेवर गेले. बाजेवर उडदाचे पापड वाळत होते. ओले पापड अंगाला किती घट्ट चिकटतात हे त्या दिवशी कळलं. मी गुडघे फोडून रडत होते ते पडले म्हणून नव्हे. आता मोठी शाळा गेली, हे मला पक्कं कळलं होतं.

दादा पाळीवरून आले, माझ्याकडे पाहिलं, कानामागचा एक पापड काढला आणि सव्वीस इंचीचं हँडल धरून चालत निघाले. मी मागे. हवालदार आता काय काय ऐकवतील, याची मला धास्ती होती. हवालदारांनी सायकलीकडे पाहिलं, माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि काकूंना हाक मारून हळद मागवली.

शेवटी दादाच म्हणाले, "फिट बसंल अशी द्या."

"फिट न्हाई. स्लायडिंग फिट," हवालदार म्हणाले. "थोडी हालचाल पायजे."

दादा हसले. कारखान्याच्या भाषेत कुणी बोललं की ते लगेच विरघळायचे. सव्वीस इंची तिथेच राहिली आणि वीस इंची घरी आली. ठरलं असं, की माझा गुडघा हँडलला लागायला लागला की सायकल परत आणायची आणि पुढच्या मापाची न्यायची. "सायकल आजच्या पायाची पायजे," हवालदार मला म्हणाले. "उद्याचा पाय आला की उद्या ये. मी काय कुठं पळून जातोय व्हय?" मग रंगावरून माझी कुरकुर सुरू झाल्यावर त्यांनी त्यांचा कायदा सांगितला: "घंटी तुझ्या आवडीची, रंग तुझ्या आवडीचा, माप माझं." चौथ्या दिवशी मी दोन्ही पाय टेकवून, खांबाला हात न लावता थांबले. जूनमध्ये मोठ्या शाळेत गेले. हवालदारांनी मात्र मला आयुष्यभर 'सव्वीस' म्हणूनच हाक मारली.

पुढची सात वर्षं त्या दुकानात माझी ये-जा राहिली, त्यामुळे त्यांच्या तऱ्हा जवळून पाहायला मिळाल्या. एकदा त्यांचे लष्करातले दोस्त मेढ्याहून नातवाला घेऊन आले. पोराची टांग बरोबर भरली. दोस्त खूश. हवालदारांनी पोरापुढे आपली दोन बोटं धरली, "दाब." पोराने दाबली. "आजून." पोरगं लाल झालं. हवालदारांनी मान हलवली आणि आधी त्या सायकलीचे ब्रेक पोराच्या बोटांजवळ येतील असे करून दिले, मगच ती हातात ठेवली. दोस्त म्हणाले, "आरं, पायडल मारतोय की झ्याक." हवालदार म्हणाले, "गड्या, तुज्या गावाला सगळा उतार. तितं पायडल कोन मारतंय? तितं थांबायचं काम लय."

अकरावीत मला अखेर सव्वीस इंची मिळाली. काकूंनी रेघ मारली, हवालदारांनी ती पाहिली आणि तिच्याखाली आणखी एक रेघ ओढली. "सव्वीस, तुजं माप संपलं. आता हितं यायचं कारन न्हाई." हे ते हसत म्हणाले, पण मला घरी जाताना अगदी उदास वाटलं. मोठं होण्याचा मला इतका राग कधीच आला नव्हता.

नंतर नोकरी लागली, लग्न झालं, मी साताऱ्याला आले. काकू गेल्याचं कळलं तेव्हा भेटून आले, पण त्यानंतर वर्षांमागून वर्षं गेली. माझी गार्गी आठ वर्षांची झाली आणि सायकलीचा हट्ट सुरू झाला. आम्ही नवराबायको मोबाइलवर सायकली बघत बसलो होतो. त्याने एक निवडली, खाली वय दिलेलं: आठ ते बारा. "चार वर्षं बघायला नको," तो म्हणाला. मीही म्हणाले, "हो ना, वाढत्या अंगाची घेतलेली बरी." आणि स्वतःचेच शब्द ऐकून मी चमकले. रविवारी आम्ही सांगलीला गेलो.

दुकान आता त्यांचा मुलगा संजय बघत होता. गिअरच्या सायकली, हेल्मेटं, काचेचा दरवाजा. मापांची भिंत मात्र होती तशीच, आणि स्टुलावर हवालदारही होते. फार बारीक झालेले. "आली का सव्वीस!" आवाज तेवढा जुना. गार्गीचं माप त्यांनी माझ्याकडून घेववलं, स्वतः रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, आणि तिला तिच्या पायाची सायकल निवडून दिली.

कोपऱ्यात त्यांची स्वतःची उंच काळी सायकल उभी होती. चाकांत हवा नव्हती. मी विचारलं तेव्हा संजयदादा हळूच म्हणाला, "दोनदा पडलेत. कमरेतनं पायच उचलत न्हाई, दांड्यावरनं टाकायचा कसा? बंदच केली म्या. गाडीवर माझ्या मागं बसून येतात." हवालदारांनी ते ऐकलं. "सामान आनल्यागत आनतोय मला," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली गेला. ज्या माणसाने अख्ख्या सांगलीच्या पोरांना चाकावर बसवलं तो असा स्टुलावर बसलेला मला बघवेना.

गार्गी भिंत वाचत होती. "आजोबा, यात तुमचं नाव कुठंय?"

"माजं माप लष्करात लिवलंय बाळा. पक्कं हाय."

"ते कालच्या पायाचं," मी म्हणाले. कुठून धीर आला कोण जाणे. मी पाटी संजयदादाच्या हातात दिली आणि ओरडले, "सावधान!" हवालदार खरंच भिंतीला पाठ लावून उभे राहिले. रेघ मारली गेली. हवालदारांनी वळून तिच्यावर बोटं ठेवून मोजलं. गुडघ्यांत आलेल्या बाकामुळे ती त्यांच्या अंदाजापेक्षा चांगली चार बोटं खाली होती.

दुकानात बावीस इंची एक सायकल होती, पुढचा दांडा नसलेली, पाय न उचलता आत सरकवता येईल अशी. रंग जांभळा. मी ती पुढे काढली.

"आगं, लेडीज हाय की ती! हवालदार हाय मी!"

"घंटी तुमच्या आवडीची," मी म्हणाले. "रंगाला इलाज नाही, एकच आहे. माप माझं."

संजयदादाने सीट बसवून दिलं. हवालदारांनी पाय आत सरकवला, टाचा टेकवून बघितल्या, ब्रेक दाबून बघितले, दोनदा. मग दुकानासमोरच्या रिकाम्या जागेत एक फेरी मारली. चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी शिट्टी वाजवली. दुसऱ्या फेरीला त्यांनी एक हात सोडून आम्हाला सलाम ठोकला, तेव्हा संजयदादा "आण्णा, आवं आण्णा" करत मागे धावला. मला हसूही आवरेना आणि डोळेही. त्यानंतर दीड वर्ष हवालदार रोज दुकानात त्या जांभळ्या सायकलीवरून आले, घंटी वाजवत, आणि कुणी हसलं तर त्यालाच मापाला उभं करत.

दीड वर्षानंतर ते गेले. दोन दिवसांच्या तापात, फार त्रास न होता. महिन्याभराने संजयदादाचा फोन आला, "आण्णांनी जांभळी सायकल गार्गीला ठेवलीय. घिऊन जावा."

आम्ही गेलो. गार्गीला मी भिंतीपाशी उभं केलं, पाटी लावली, रेघ मारली. शेजारीच हवालदारांची रेघ होती, गार्गीच्या रेघेहून वीतभर वर. सीट पार खाली करून सायकलीवर बसवलं, तरी गार्गीचे चवडे जेमतेम जमिनीला लागत होते. "संजयदादा, ही तिला मोठी होतेय," मी म्हणाले. "हवालदारांचं माप चुकलं कसं?"

"चुकलं न्हाई," संजयदादा म्हणाला. "त्यांनी मला बजावून ठेवलं होतं. 'सव्वीस म्हणंल की मोठी हाय. तिला सांग, जन्मात एकच वाढत्या अंगाची दिलीय. उद्याचा पाय येईल तवा माप घ्यायला मी न्हाई.'"