माळवदावरचा बांध

रेवणसिद्ध अप्पांच्या गादीवर न झोपलेला माणूस निलंग्यात सापडणं अवघड, आणि झोपून सरळ उठलेला त्याहून अवघड. सांगायचं सावरीचा कापूस, भरायचं गिरणीतलं उरलंसुरलं. कुणी कुरकुरलं तर अप्पा म्हणत, "गादी टणक पायजे, म्हंजे मानूस टायमावर उठतंय." हे इतकं गोड म्हणत की गिऱ्हाईक वर आभार मानून जाई.

बसस्टँडामागं एका माळवदाखाली त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एकच लांबलचक दालन, तिघांत वाटलेलं, मधे भिंत नाही. दाराशी सिंधुताईंचं शेवयांचं मशीन, मधे करीम मास्तरांची शिलाई, टोकाला अप्पांचा कापूस. तिघांच्याही धंद्याला पाण्याचा थेंब चालत नाही, आणि डोक्यावर लाकूड-मातीचं छत! त्याचा उतार अप्पांकडं, म्हणून गळायचंही त्यांच्याकडंच. मालक हैदराबादेत. फोन केला की म्हणतो, "देखते."

म्हणून पावसाआधी तिघं मिळून वर पांढरी माती पसरायचे आणि चोपायचे. औंदा पाऊस वैशाखातच यायला निघाला. मोबाईलवर गारपिटीचा इशारा आला आणि अप्पांचा चेहरा उतरला. लेकीचं, शिल्पाचं लग्न तोंडावर, आणि तिला द्यायची गादी दुकानात. ही मात्र खऱ्या सावरीची. अप्पांनी स्वतः सरकी वेचून काढलेली. आयुष्यात त्यांनी भरलेली ही पहिली खरी गादी, असं त्यांच्या बायकोनंच बायकांत सांगितलंय. खोळ करीम मास्तरांनी शिवली, तीही हौसेनं.

शुक्रवारी सकाळी तिघांनी माती टाकली. अप्पा वरूनच भाषण देत होते, "आपुन एका घरचे. छत एक, नशीब एक!" दुपारी मास्तर नमाजाला गेले, सिंधुताई जेवायला. समोर बजरंगच्या टपरीवर त्या उन्हात कुणी बसलेलं असतं तर काय दिसलं असतं म्हणता? अप्पा टोपलं घेऊन पुन्हा शिडीवर! आपल्या हद्दीवर त्यांनी मातीचा बांध घातला, चांगला चोपला. आता उताराचं पाणी मास्तरांच्या डोक्यावर तुंबणार आणि अप्पांचं टोक कोरडं राहणार. मग हात झटकून ते मेहुण्याकडं ताडपत्री मागायला गेले. ती कडब्यावर घातलेली होती. मिळाली नाही.

परत येईतो आभाळ काळंठिक्कर झालेलं. दुकानात शिरले तर गादी जाग्यावर नाही! ती मास्तरांच्या कापड बेतायच्या टेबलावर. मास्तर आणि सिंधुताईंनी धापा टाकत उचलून ठेवलेली.

"मास्तर, गादी हिकडं आणा!"

"येडे झालाव का अप्पा? तुमच्याकडं तर दरसाली घागरी लावाव्या लागतेत."

"औंदा न्हाई गळणार."

"कशावरून?"

अप्पांनी गादीचं एक टोक धरलं.

"माती तर सगळीकडं सारखीच टाकली की," सिंधुताई म्हणाल्या.

"मला वाटून राहिलंय तसं."

"वाटून राहिलंय म्हणं! लेकीची गादी हाय. आम्ही न्हाई देणार."

अप्पा एकटेच गादीला झोंबले. ती जागची हलेना. तेवढ्यात ताडताड गारा सुरू झाल्या. पहिला थेंब मास्तरांच्या मशीनवर पडला. मग तुळईवरून गढूळ ओघळ टेबलाकडं सरकायला लागला.

"या अल्ला, माझ्याकडं कधी गळलं न्हाई!" म्हणत मास्तरांनी कुण्या नवरदेवाची अर्धी शिवलेली शेरवानी उचलली आणि सरळ गादीवर पांघरली.

"मास्तर, गिऱ्हाईकाची हाय ती!"

"कापड धुता येतंय अप्पा. सावरी न्हाई."

अप्पांनी फावडं उचललं. आणि बाहेर पळाले. विजा कडाडतायत, गारा डोक्यात बसतायत, आणि साठीचा माणूस शिडीवर! वर जाऊन त्यांनी आपला बांध आपल्याच हातानं फोडला. तुंबलेलं पाणी धबाधबा त्यांच्या टोकावर गेलं. खाली रचलेल्या गिऱ्हाइकांच्या गाद्या भिजून भाकरीच्या पिठासारख्या झाल्या. शिल्पाची कोरडी राहिली.

बाजारात दुसऱ्या दिवशी दुसरा विषय नाही. "शेजाऱ्याचे कपडे वाचवाया विजांत चढला, पानी सोताकडं वळवलं. सोताचा माल जाऊ दिला!" गाद्या वाळवायला उसवल्या तेव्हा आतून चिंध्या निघाल्या. हणमंतरावांना तर आपल्या गादीत कुणाची तरी बाही सापडली. पण बोलायची सोय राहिली होती का? ते एवढंच म्हणाले, "देवमानसाला काय बोलायचं!" अप्पा तिथून उठून गेले.

लग्नात पंगतीला मास्तरांनी ती कहाणी रंगवून सांगितली. अप्पांनी जिलेबी तशीच पानात ठेवली. पाठवणीच्या टेम्पोत गादी चढली, मास्तर दोर आवळत होते, तेव्हा अप्पांना राहवलं नाही.

"मास्तर, पाणी तुमच्याकडं मीच वळवलं हुतं. दुपारी बांध घातला."

मास्तर हसले. "बघा सिंधुताई! आमच्यावर उपकार नको वाटाया म्हणून मानूस सोताला चोर म्हणून राहिला!"

"शिल्पाची शपथ..."

मास्तरांनी त्यांच्या तोंडावर हातच ठेवला. "लेकीची शपथ थट्टेत घेऊ नका." सिंधुताईंनी डोळ्याला पदर लावला. टेम्पो हलला तसे अप्पा हमसून हमसून रडायला लागले. लेकीचा बाप रडणारच, म्हणून कारण कुणी विचारलं नाही.