नांदेडला राखून ठेवलेली जागा

बारावी मी लातूरला मावशीकडं राहून केली आणि नांदेडच्या एका खासगी कॉलेजात लॅब टेक्निशियनच्या कोर्सला मला जागा मिळाली. त्याच सुमारास आईचं पिशवीचं ऑपरेशन झालं. वजन उचलायचं नाही, पाणी भरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. घरात वडील आणि भाऊ. दोघांना चहाशिवाय काही येत नाही, आणि चहाही धड नाही. मी कॉलेजला फोन केला तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, "एक वर्ष उशिरा या, जागा तुमच्या नावानं ठेवतो." माझ्यासाठी कुणी काही राखून ठेवल्याचं मला तोवर आठवत नव्हतं. मी हुरळून गेले.

आईनं मात्र ताकीद दिली. "कुणाला सांगू नको. पदरात पडंपर्यंत बोलायचं न्हाई, नजर लागती." आमच्या जळकोटकडं गाभण म्हशीबद्दलही लोक असेच मुके राहतात. त्यामुळं आईला बघायला आलेल्या बायका विचारायच्या, "पोरगी काय करायली?" आणि आई म्हणायची, "घरीच हाय."

आमच्याकडं याचा अर्थ एकच होतो. शिक्षण सुटलंय, स्थळ आणा. आईला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण आलेली स्थळं परतवता येतील असं तिला वाटत होतं. नजर लागू नये म्हणून ती जपत होती आणि स्वतःच रोज दवंडी पिटत होती. मला इतका राग यायचा, की भाकरी थापताना परात फुटायची बाकी असायची.

दिवाळीनंतर आत्या देवणीकडचं स्थळ घेऊन आली. "माणसं चांगली हायेत, काही मागायली न्हाईत. लक्ष्मी दारी आली तर तोंड धुवाया जाऊ नये." तेव्हा कुठं आईनं नांदेडच्या जागेचं सांगितलं. आत्याचा चेहरा उतरला.

"मंग आधी न्हाई सांगायचं? मी शब्द देऊन बसले."

बहिणीचा शब्द वडिलांना मोडवेना. मुलाकडची मंडळी हसतच म्हणाली, "शिकवू की. आमी काय अडवणार हाव का?" उन्हाळ्यात लग्न झालं.

शाळा-कॉलेजं सुरू व्हायच्या दिवसांत कॉलेजचा फोन आला. माझे हात पिठात होते, म्हणून नवऱ्यानं तो उचलून स्पीकरवर टाकला. माणूस फार मऊ बोलतो, त्याच्याशी भांडायचीही सोय नाही.

"यंदा न्हाई जमायचं, मॅडम. नवीन हाय ती घरात. आणखी एक वर्ष ठेवता का?"

"एकदाच ठेवता येते, सर. दुसऱ्या मुलीला देऊ का मग? त्यांना विचारून सांगा."

नवऱ्यानं फोन माझ्यापुढं धरला. सासूबाई भाजी निवडायच्या थांबल्या, सासरे दारात येऊन उभे राहिले. सगळे माझ्याकडं बघत होते. एवढ्या सगळ्यात मला विचारायची ही पहिलीच वेळ होती.

"द्या," मी म्हणाले. लग्नाला महिना झालेल्या सुनेनं तिथं दुसरं काय म्हणायचं असतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.