निळ्या मातीतले मिटलेले शिंपले

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मला मुंबईहून काकांकडे पाठवलं ते वहिनीच्या सोबतीला. पनवेलहून गव्हाणकडे जाताना खाडीकाठी काकांचं मिठागर होतं आणि त्याच्या वरच्या अंगाला घर. वहिनी म्हणजे काकांची सून. तिला दिवस गेले होते. आदल्या वर्षी तिचं पहिलं मूल जुलाबांनी गेलं होतं. प्यायला पाणी गावाच्या तळ्यातलं. मूल पाण्याने गेलं असं घरात कोणी उघड बोलत नसे. पण या खेपेला बाळंतपणासाठी शिरढोणला माहेरी जाण्याआधी तिने सासऱ्यांकडे एकच गोष्ट मागितली होती. परत येईन तेव्हा दाराशी गोड्या पाण्याची विहीर असू दे.

मी पोचले तेव्हा घरामागे खणती चालू होती.

मी बुजरी होते. नन्सच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, घरातल्या मोठ्यांसमोर शब्द जुळवत बसणारी. दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, मला मडम म्हणे. मी विहिरीपासून थोडी दूर, सावली धरून बसायची आणि वर येणाऱ्या टोपल्या बघायची. कॉलेजात मी भूगर्भशास्त्र घेतलं होतं. हे काकांना ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ कोणी विचारला नव्हता.

मुरमात पाणी लागलं. गोड होतं, पण रात्रभरात जेमतेम हंडाभर साचायचं. मुरमाखाली निळसर काळी माती लागली, लोण्यासारखी मऊ, आणि पाणी तिथेच थांबलं.

"एका हंड्यासाठी इहीर खणली काय?" दादा म्हणाला. "माती फोडा. खाली झरा आसंल."

ती माती टोपल्यांतून वर आली तेव्हा तिच्यात शिंपले होते. काही मळसूत्रासारखे लांब, टोकदार. काही नखाएवढे, पातळ, आणि त्यांची दोन्ही झाकणं मिटलेली. मी एक उचलून केसांच्या पिनेने उघडला. आत तीच निळी माती गच्च भरलेली होती.

किनाऱ्यावर वाहून आलेल्या शिंपल्याची झाकणं सुटी झालेली असतात. हे मिटलेले होते. म्हणजे ते जिथे जगले तिथेच गाडले गेले होते, किनाऱ्यापासून लांब, शांत खोल चिखलात. आमच्या प्राध्यापकांनी वर्गात अशाच शिंपल्यांचा ट्रे फिरवला होता तेव्हा ते मला सुंदर वाटले होते. इथे मान वर करून घराच्या कौलांकडे पाहिलं आणि वाटलं, यांच्या काळात कौलांच्याही वर पाणी होतं.

मी ओंजळभर शिंपले धुऊन वहिनीच्या खिडकीत वाळत ठेवले. ऊन लागलं तशी त्यांच्यावर पांढरी भुकटी फुलली. मी पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुलली. वहिनीने बोट फिरवून जिभेला लावलं.

"मीठ हाय गो बाय."

"वहिनी, ही समुद्राची माती आहे. त्याचं मीठ अजून आत आहे. हिच्याखाली जे पाणी असेल ते..."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पोटावर हात ठेवून ती खणतीचा आवाज ऐकत राहिली. "मामंजींना सांग," ती म्हणाली. मग लगेच, "पण बंद कराया नको सांगूस."

संध्याकाळी काका मिठागरावरून आल्यावर मी सांगितलं. एवढं सलग मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते. समुद्र होता, त्याचा तळ हा, मिटलेले शिंपले ही त्याची खूण. हातातला शिंपला त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो जिभेला लावला आणि मान हलवली.

"माती लागते नुसती."

"काका, खारट आहे."

"आगं, दर्या हितं होता ना? मंग आता गेला. तुज्या मास्तरला सांग, जाताना शिंपल्या इसरला," दादा मधेच म्हणाला आणि मोठ्याने हसला. काकाही हसले, पण मला दुखवू नये म्हणून समजावलंही. "बग पोरी, आमी जल्मभर चिखलात. मिठाच्या आगराचा तळ पायानं तुडवून घट्ट करतो, थेंब खाली जात नाय. निळ्या मातीतून खारं पाणी येत नाय कदी."

ते खरं होतं. माती पाणी अडवतेच. म्हणून तर ती फोडू नये, एवढंच मला म्हणायचं होतं. मी ते म्हणालेही. पण तोवर हातपाय धुवायला ते उठले होते.

अष्टमीच्या सुमाराला, खाडीला भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं पाणी असताना, माती फुटली. खाली शिंपल्यांचा भुगा आणि वाळू लागली आणि पाणी उसळून वर आलं. खणणारे ओरडत दोरावरून बाहेर निघाले. पाणी मुरमाच्या खाली येऊन थांबलं, थंड, काचेसारखं स्वच्छ. बायका जमल्या. नारळ फुटला. नव्या विहिरीचं पहिलं पाणी घरातल्या थोरल्या पुरुषाने प्यायचं आणि त्याने म्हटलं की ते गोड, अशी रीत होती. काका मिठागरावरून धावत आले होते. अंगावर, मिशांवर, ओठांवर मिठाचा पांढरा थर. त्यांनी ओंजळ तोंडाला लावली आणि डोळे मिटले.

"गोड!"

साखर वाटली गेली. मग आम्ही बायका प्यायलो. मला मचूळ लागलं. वहिनीने घोट तोंडात बराच वेळ धरला होता. शेजारणींनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नव्या इहिरीची चव हाय. जाईल."

मला कळलं की तिला कळलंय. मिठागरावर राबणाऱ्यांच्या जिभेला थोडा खार लागतच नाही. ती शिरढोणची, लग्न होऊन इथे आलेली. तिची जीभ अजून शाबूत होती. पण तिला ते पाणी हवं होतं. दादा आणि खणणाऱ्यांनी तळातलं भोक आणखी रुंद केलं.

चंद्र वाढू लागला. रोज सकाळी मी विहिरीत डोकवायची. पाणी रोज जरा वर. घरात सगळे खूश होते, विहीर भरतेय म्हणून. मी खाडीकडे बघायची. तिथेही पाणी रोज जरा वर येत होतं.

पौर्णिमेला उधाण आलं. वहिनी आणि मी हंडा घेऊन गेलो तर पाणी मुरमाच्या वर चढलं होतं आणि अजून चढत होतं, आवाज न करता. कडेने निळ्या मातीचा फेस. वहिनीने वाकून ओंजळ भरली आणि प्यायली. थुंकली नाही. गिळली. मग तिने सासऱ्यांना हाक मारली.

काकांनी चव घेतली आणि या वेळी तोंड वाकडं केलं. तेवढा खार त्यांनाही लागला.

मग टोपल्या उलट्या चालल्या. काढलेली निळी माती पुन्हा विहिरीत. ओहोटीला पाणी उतरलं की गडी खाली उतरून आगर तुडवतात तशी माती तुडवायचे, आणि भरतीला ती ढवळून वर यायची, शिंपल्यांसकट. मुरमातला तो हंडाभर गोडा झराही गेला. काका काठावर बसून राहिले. शेवटी म्हणाले, "पाट खणा. पाणी आगरात सोडा."

वहिनीला न्यायला शिरढोणहून गाडी आली. निघताना ती काकांच्या पाया पडली. त्यांना काहीतरी बोलायचं होतं.

"बाळाला घेऊन ये गो. पावसात तळं भरंल."

"तळं भरलं तवाच गेला माजा," वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता.

बैल हलले. बांधावरून गाडी वळेपर्यंत आम्ही दारात उभे होतो. तिच्या खिडकीतले शिंपले पुन्हा पांढरे झाले होते, आणि घरामागे विहिरीत भरती चढत होती.