उपाशीपोटी नको

गांजा ही साक्षात महादेवाची देणगी आहे आणि देवाच्या देणगीने माणसाचं कधी वाईट होत नाही, हे आमच्या गावात सर्वमान्य होतं. ते मान्य करणारे सगळे देवळामागच्या चिंचेखाली एकाच चटईवर बसत आणि चिलीमही त्यांच्याच हातात असे.

माझा थोरला भाऊ त्या चटईवर कधी बसू लागला ते मला नक्की आठवत नाही. स्वातंत्र्य आलं तेव्हा तो विशीत होता. धानाचं काम आटोपलं की अंगणात बसून बिड्या वळायचा. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. हात इतका साफ, की बिडी कारखान्याच्या चेकरला त्याच्या बिड्यांत छाट, म्हणजे नापास बिडी, काढता येत नसे. दोन-तीन वर्षांनी तोच चेकर त्याच्या कानात बोलू लागला. माणूस गोंदियात आणि आवाज आमच्या अंगणात. ही छाट, ती छाट, तूही छाट. दादा वळलेल्या बिड्या उसवायचा आणि पुन्हा वळायचा. नागपूरच्या डॉक्टरांनी या दुखण्याचं एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. आज स्किझोफ्रेनिया हा शब्द वर्तमानपत्रातही येतो. तेव्हा त्यावरची गोळी आमच्यापर्यंत पोचली नव्हती, नाव तेवढं पोचलं होतं.

दादा म्हणे, चिलीम ओढली की चेकर गप्प बसतो. ते खरंही होतं. तास-दीड तास तो गप्प बसे आणि परत येताना आणखी चार जणांना घेऊन येई. मग दादा तीन-तीन दिवस झोपत नसे आणि एकसारखा बोलत राही. ते बोलणं ऐकायला लोक जमू लागले. कुणाचा बैल हरवलेला, कुणाच्या लेकीचं लग्न अडलेलं. दादाच्या तोंडून जे निघे त्याचा अर्थ ते घरी जाऊन लावत. लोक त्याला महाराज म्हणू लागले.

वडील नव्हते. घरात कर्ते काका, आणि काकांना घरात महाराज नको होता. त्यांनी सुताराकडून खोडा करून घेतला. खोडा म्हणजे ऐनाचा जाड ओंडका. मधल्या भोकात माणसाचा पाय घालायचा आणि वरून खुंटी ठोकायची. आमच्याकडे डोकं फिरलेल्या माणसाचा हाच इलाज होता. काका दुष्ट नव्हते. भोकाच्या कडा त्यांनी नीट घासून घेतल्या होत्या.

"आणखी एक डाव असं झालं," ते मायला म्हणाले, "तं मी ऐकणार नाई, वहिनी."

त्या दिवसापासून मायपुढे एकच काम उरलं: लेकाचा पाय त्या भोकात जाऊ द्यायचा नाही.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत मास्तर झालो होतो. चार पुस्तकं वाचलेली असल्यामुळे मला उपाय लगेच सुचला. दादाची गांजाची पुडी मी बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, फेकली आणि त्याला व्यसनावर दोन शब्द ऐकवले. तो शांतपणे ऐकून घेऊन उठला आणि नागऱ्याच्या महादेवाकडून आलेल्या बैराग्यांबरोबर निघून गेला. पाचव्या दिवशी रेल्वेच्या गँगमनने त्याला दंडाला धरून घरी आणलं. दादा रुळांवरून चालत होता. रूळ सरळ आहेत का ते पाहायला चेकरने पाठवलं होतं. काका खोडा ठेवलेल्या गोठ्याकडे निघाले, तेव्हा माय वाटेत आडवी बसली.

सरकारी दवाखान्यात एक म्हातारे कंपाउंडर होते. त्यांचा साळा याच दुखण्याने गेला होता. त्यांचं ज्ञान तिथून आलेलं, म्हणून मला ते माझ्यापेक्षा जास्त वाटलं.

"पूर्ण सोडला तं सोन्याहून पिवळं," ते मायला म्हणाले. "या दुखण्याले गांजा वैरीच आहे. पण एकदम तोडाल तं तो पळून जाऊन दुप्पट ओढीन. कमी करत आणा. उपाशीपोटी नको. जागरणात नको. एकट्याने नको. परक्याची चिलीम तं नकोच, तिच्यात काय भरलंय कोण पाहते? आणि दोन रोज झोपला नाई, तं तिसऱ्या रोजाची वाट न पाहता माझ्याकडे आणा."

"आणि हे मास्तर?" मायने माझ्याकडे बोट दाखवलं.

"यायले भाषण देऊ देऊ नका."

गांजा तेव्हा सरकारी परवान्याच्या दुकानात मिळे. माय स्वतः गोंदियाला गेली. डोक्यावर पदर घेतलेली कास्तकाराघरची बाई दुकानापुढे उभी राहिलेली पाहून दुकानदार गडबडला.

"बाई, मरद को भेजो."

"मरद मेला. माल मलेच द्या. आणि माझ्या लेकाच्या नावाने दुसरा कोणी आला, तं देऊ नका."

"किसके लिए चाहिए?"

"कमी करासाठी."

त्या दुकानात हे कारण आधी कुणी सांगितलं नसावं. पुडी मायच्या कमरेला राहू लागली. दुपारी पोटभर भात झाला की ती थोडा गांजा काढून देई, दादा ओढेपर्यंत समोर बसून राही आणि मग त्याला निजवी. महिन्या-महिन्याने चिमूट लहान होत गेली. गावात बायका म्हणू लागल्या, माय असून लेकाले गांजा पाजते. चिंचेखालचे म्हणू लागले, महाराज आता बोलत नाही, बाईने विद्या बांधून टाकली. चेकर गेला नाही, पण चार जणांना आणेनासा झाला. दादा पुन्हा बिड्या वळू लागला. सगळ्याच विकता येत होत्या असं नाही.

अडचण महाशिवरात्रीची होती. कंपाउंडरने जे जे नको म्हटलं होतं ते सगळं त्या एका दिवशी पुण्य म्हणून करायचं असे: उपास, जागरण, परक्यांची चिलीम. मायने स्वतः निर्जळी उपास धरला आणि दादाला सकाळीच वरण-भात वाढला.

"काय वं," शेजारीण कुडावरून म्हणाली, "शिवरात्रीले भात? देवाले काय सांगशीन?"

"देवाले पोट नाई. याले आहे."

अशा दोन शिवरात्री निभल्या. तिसरीला माय तापाने पडली आणि दादाला माझ्या हवाली केलं गेलं. त्याच दिवशी देवळापुढे मांडव होता, लाऊडस्पीकर होता, आणि जिल्ह्याहून आलेल्या एका पुढाऱ्यांचं नशाबंदीवर व्याख्यान होतं. स्वागताचं भाषण मला दिलेलं. मी ते आठ दिवस घोकलं होतं. दादाला भात वाढायचं मात्र राहून गेलं. त्याला मांडवाच्या कडेला बसवून मी व्यासपीठावर चढलो. माझं भाषण छोटं होतं, पाहुण्यांचं नव्हतं. ते संस्कृतीवरून राष्ट्रावर आणि राष्ट्रावरून दारूवर आले तोवर मांडवामागे भक्तांनी महाराजांचा अबोला सोडवायचं ठरवलं होतं. चिलीम नैवेद्य म्हणून द्यायची, आणि नैवेद्य नाकारता येत नाही. चार तरी झाल्या असाव्यात.

लाऊडस्पीकरमधून त्याला चेकर बोलताना ऐकू आला. दादा उठून उभा राहिला आणि एकेका वाक्याला उत्तर देऊ लागला. भक्तांनी जयजयकार केला. पुढाऱ्यांना तो स्वतःचा वाटला. त्यांनी हात जोडले आणि भाषण वाढवलं. मी खुर्चीतून उठलो नाही. पाहुणे बोलत असताना उठणं बरं दिसलं नसतं.

दादा तीन दिवस झोपला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला कंपाउंडरकडे न्यायचं होतं, पण माय शुद्धीवर नव्हती आणि मला वाटलं, उतरेल. चौथ्या दिवशी त्याने कुऱ्हाडीने बिडीची सुपं फोडली आणि आवरायला गेलेल्या काकांचा उजवा हात जायबंदी केला. सुताराला बोलवावं लागलं नाही. खुंटी काकांनी डाव्या हाताने ठोकली.

माय ताप उतरल्यावर भिंतीला धरून गोठ्यात आली. पुढे रोज ती दादाच्या घोट्याला तेल लावी, भोकात चिंध्या भरी, जेवू घाली आणि झोपेपर्यंत बसून राही. तिथे गांजा नव्हता, तरी चेकर होता. आषाढात रोवणीला माणसं कमी पडली म्हणून काकांनी खुंटी काढली. तोवर पाय आखडला होता. चिखलात दादा उभा राहू शकेना, मग त्याला बांधावर बसवून रोपांच्या जुड्या बांधायला दिल्या.

पुढच्या शिवरात्रीला चिंचेखालची मंडळी सकाळीच आमच्या अंगणात आली. महाराजांशिवाय देवळात गर्दी जमत नव्हती. चिलीम भरूनच आणली होती.

"महाराज, चला गा. पोरं वाट पाहून राहिली."

दादाने मांडीवरचं सूप सारखं केलं.

"अजून जेवलो नाई," तो म्हणाला.

शिवरात्रीला हे उत्तर कुणाला अपेक्षित नव्हतं. मंडळी त्याचं जेवण व्हायची वाट पाहत ओट्यावर बसली. त्याचं रिकामं ताट मायने आठलाच उचललं होतं.