संकठा घाटावरचं हातमशीन

माझं शिलाई मशीन बंद पडलं तेव्हा भाचीच्या बाळाची गोधडी अर्धीच झाली होती. मिस्त्री मोटर सोडवून घेऊन गेला आणि जाताना म्हणाला, "पार्ट बाहर से आएगा, पंद्रह-बीस दिन लगेंगे." थंडी सुरू झालेली, बाळंतपण महिन्यावर आलेलं.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी गोधड्याच शिवते. इथे ब्रह्मा घाटावर माझ्या आसपासच्या ओळखीच्या मराठी घरांतून जुन्या साड्या येतात आणि गोधड्या होऊन परत जातात. तेव्हा म्हटलं, हाताशी दुसरं एक मशीन असलेलं बरं. तेही हातानं फिरवायचं, म्हणजे वीज गेली तरी काम अडायला नको.

बाजारात दोन दुकानं पाहिली. पर्समध्ये नमुना नेला होता, सुती साडीच्या तुकड्याचे सहा थर एकावर एक. नवी मशीनं दिसायला छान आणि वजनाला हलकी. एक तीन टाके घालून अडकलं, दुसरं थरथरत टेबलावरून सरकायला लागलं. दुकानदार स्वतःच म्हणाला, "माताजी, ये ब्लाउज-फ्रॉक के लिए है, रजाई के लिए नहीं." खरं सांगितलं म्हणून मला तो माणूस आवडला.

मग शेजारणीनं सांगितलं, की संकठा घाटाजवळ आपल्यातल्याच एक काकू राहतात, त्यांना जुनं हातमशीन देऊन टाकायचंय. दुसऱ्या दिवशी मी गेले.

दार सुनेनं उघडलं. मशीन खिडकीपाशी स्टुलावर होतं, त्यावर धुतलेलं फडकं. सून म्हणाली, "मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाला जागा हवीय हो." माझ्या मनात लगेच आलं, म्हातारीची वस्तू घरातून काढताहेत. काकू पलंगावर बसल्या होत्या, पंच्याहत्तरीच्या पुढच्या, ताठ पाठीच्या.

"काय शिवतेस?" त्यांनी विचारलं.

"गोधड्या."

"मग चालवून बघ."

मी नमुना सुईखाली सरकवला. चाक जड फिरत होतं आणि दर चौथा टाका चुकत होता. खरं तर मला बरंच वाटलं. नाही म्हणायला आयतं कारण मिळालं. "काकू, गोधडीला हे नाजूक पडेल. तुमच्याकडेच राहू द्या."

काकू उठून आल्या. सुई बोटांनी चाचपली. "ही सोळा नंबरची. ब्लाउजची सुई. डब्यातली अठरा नंबरची काढ." मी सुई बदलली. त्यांनी वरचा दाबाचा स्क्रू अंदाजानं दोन वेढे सैल केला आणि सुनेला तेलाचे दोन थेंब सोडायला सांगितलं. "आता फिरव. सावकाश."

सहा थरांतून टीप सरळ निघाली. एकही टाका चुकला नाही.

तरी माझा हात पुढे होईना. मी म्हटलं, "काकू, इतक्या वर्षांचं तुमचं मशीन. न्यायला मन होत नाही."

"मला ते ठेवायचंय असं तुला कुणी सांगितलं?" त्यांचा आवाज चढला नाही, पण बदलला. "दोन वर्षं झाली, मला दोरा दिसत नाही. बहू ओवून देते, मी टीप घालते, वाकडी जाते, मग बोटांनी चाचपून उसवते. सकाळी उठलं की ते समोर. मीच हिला म्हटलं, काढ आता. हीच नको म्हणत होती."

मी सुनेकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "टेबलाचं मी लोकांना आपलं सांगते. यांना दिसत नाही, हे सारखं कसं बोलायचं?"

"शिवत असेल तर ने," काकू म्हणाल्या. "नसेल तर ठेव. पण माझी कीव करून ठेवू नकोस."

मला फार लाज वाटली. एकीला मी बिचारी ठरवलं होतं, दुसरीला निष्ठुर, आणि दोन्ही चूक.

"नेते," मी म्हटलं.

लोखंडी मशीन गल्ल्यांतून उचलून नेणं मला एकटीला शक्य नव्हतं. सुनेनं एक बाजू धरली, मी दुसरी, आणि पायऱ्या मोजत आम्ही ते घाटावर उतरवलं. ब्रह्मा घाटाकडे जाणाऱ्या नावेत नावाड्यानं पोतं अंथरलं. घरून निघताना काकू दारात एवढंच म्हणाल्या होत्या, "चाकाला धरून उचलू नका."

गोधडी वेळेवर झाली. मोटरही दुरुस्त होऊन आली, पण जाड काठ शिवायचे असले की मी हातमशीनच ओढते.

पुढे एकदा काकू देवळाबाहेर भेटल्या, सुनेचा हात धरून. मशीनबद्दल त्यांनी विचारलं नाही, म्हणून मीही विषय काढला नाही. आम्ही तिघी पायरीवर उन्हात बसलो. सुनेनं संत्री सोलली. काकूंनी एकेक फोड दाबून पाहिली, बी काढली आणि मला दिली.